मेटफॉर्मिन आणि कंकाल-स्नायू : एका प्रचलित विधानाची चिकित्सा

औषधशास्त्रातील काही विधाने अशी असतात की ती प्रथम कोणत्या पुराव्यावर केली गेली याचे विस्मरण होते. विधान मात्र एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात आणि एका पत्रकातून दुसऱ्या पत्रकात उतरत राहते. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधासंबंधीचे एक विधान या जातीचे आहे. हे औषध यकृतातील ग्लुकोजचे उत्पादन घटविते, आतड्यातून होणारे ग्लुकोजचे शोषण कमी करते आणि शरीराच्या परिघावरील ऊतकांत ग्लुकोजचे ग्रहण व उपयोग वाढवून इन्शुलिन-संवेदनक्षमता सुधारते, असे हे त्रिपदी विधान आहे. अमेरिकेत १९९४ च्या अखेरीस या औषधास मान्यता मिळाल्यानंतर तेथील माहितीपत्रकाने ते रूढ केले आणि पुढे पाठ्यपुस्तकांनी ते जसेच्या तसे उचलले. परिघावरील ऊतके म्हणजे मुख्यतः कंकाल-स्नायू, असा अर्थ वाचक करतो. शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. परंतु विधानाचे हे तिसरे पद पुराव्याच्या कसोटीला कितपत उतरते, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर केवळ विद्वत्तेच्या समाधानासाठी हवे आहे असे नव्हे. गोळी स्नायूंचे काम करते असा समज रोग्याच्या आणि वैद्याच्या मनात रुजला, तर स्नायूंना स्वतः काम करावयास लावण्याची निकड तेवढ्या प्रमाणात मंदावते.

१

या समजाचे मूळ औषधाच्या इतिहासात सापडते. गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतील ग्वानिडिनजन्य द्रव्ये रक्तातील साखर उतरवितात, या निरीक्षणातून बायग्वानाइड वर्गाची औषधे पुढे आली. मेटफॉर्मिनचे संश्लेषण डब्लिन येथे वर्नर व बेल यांनी १९२२ मध्येच केले होते. मधुमेहावरील औषध म्हणून त्याचा मानवी उपयोग मात्र पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी सुचविलेले ‘ग्लुकोफाज’ हे नाव अर्थपूर्ण आहे. त्याचा अर्थ ग्लुकोज-भक्षक असा होतो. साखर नाहीशी होते, तेव्हा ती कोणीतरी खात असले पाहिजे, अशी कल्पना त्या नावामागे उभी आहे.

त्याच काळात फेनफॉर्मिन या भावंड औषधावर प्रयोग चालू होते. उंदराच्या श्वासपटलाचा तुकडा द्रावणात ठेवून त्यावर हे औषध सोडले असता स्नायू अधिक ग्लुकोज ओढून घेतो आणि अधिक लॅक्टिक अम्ल बाहेर टाकतो, असे दिसून आले. श्वासपटल हा स्नायूच असल्याने बायग्वानाइडांचे कार्यस्थान स्नायू होय, हा निष्कर्ष सहज काढला गेला. वास्तविक त्या प्रयोगात दिसत होती ती इन्शुलिनला मिळणारी स्नायूची दाद नव्हती, तर प्राणवायूचा उपयोग करण्यास अडथळा आलेल्या पेशीची धडपड होती. प्राणवायूच्या वाटेने ऊर्जा मिळेनाशी झाली की पेशी अधिक ग्लुकोज जाळते व लॅक्टिक अम्ल साचविते. याच दोषापायी फेनफॉर्मिन १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून मागे घेण्यात आले. औषध गेले, त्याच्या प्रयोगातून निघालेली कल्पना मात्र मेटफॉर्मिनच्या वाट्याला आली.

२

आता इन्शुलिन-संवेदनक्षमता या पदाचा नेमका अर्थ पाहणे अवश्य आहे. लंडनच्या हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये मधुमेही रोग्यांना ग्लुकोज व इन्शुलिन एकाच वेळी देऊन असे दाखविले की काहींच्या रक्तातील साखर इन्शुलिनमुळे आटोक्यात राहते, तर काहींची इन्शुलिन असूनही चढत जाते. दुसऱ्या गटात इन्शुलिनचा अभाव हे रोगाचे कारण नसून इन्शुलिनला दाद न देणे हे कारण आहे, हा विचार तेथून सुरू झाला.

ही दाद शरीरातील तीन ठिकाणी पाहावी लागते. यकृतात इन्शुलिन ग्लुकोजचे उत्पादन थांबविते; मेदऊतकात ते मेदाम्लांचे रक्तात सुटणे थांबविते; स्नायूत ते ग्लुकोजला आत येण्याची वाट करून देते. स्नायूपेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला इन्शुलिन चिकटले की आतील विकरांची साखळी क्रमाने चेतविली जाते, आणि पेशीच्या अंतर्भागात साठविलेले ‘ग्लूट-४’ नावाचे वाहक प्रथिन पृष्ठभागावर येऊन ग्लुकोजला आत घेते. आत आलेल्या ग्लुकोजचा मोठा भाग ग्लायकोजेनच्या रूपाने साठविला जातो. शुलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या स्नायूतील ग्लायकोजेनचे संश्लेषण मोजले, तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात त्याचा वेग निरोगी माणसाच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे आढळले. स्नायूतील इन्शुलिन-रोध हा या रोगाचा एक मूलभूत दोष आहे, याविषयी त्यामुळे फारसा वाद उरला नाही.

दोष स्नायूत आहे आणि औषध गुणकारी आहे, म्हणून औषध स्नायूवर कार्य करीत असले पाहिजे, हे अनुमान येथूनच उद्भवते. ते तर्कदृष्ट्या सदोष आहे. घराच्या छपरातून पाणी गळत असताना नळाचे पाणी बंद केले तरी घरातील ओल कमी होते. म्हणून छप्पर दुरुस्त झाले असे कोणी म्हणत नाही. रक्तातील साखर ही यकृताने टाकलेल्या व ऊतकांनी घेतलेल्या ग्लुकोजच्या वजाबाकीने ठरते. ती उतरली एवढ्यावरून दोहोंपैकी कोणती बाजू बदलली हे सांगता येत नाही.

३

म्हणून येथे मापनपद्धतीचा विचार निर्णायक ठरतो. संवेदनक्षमता मोजण्याच्या प्रचलित पद्धती एकच वस्तू मोजत नाहीत, आणि या विषयातील गोंधळाचा बराच भाग या गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने निर्माण झाला आहे.

सर्वांत सोपी पद्धत उपाशीपोटीच्या ग्लुकोज व इन्शुलिन यांच्या प्रमाणांवरून निर्देशांक काढण्याची होय. ऑक्सफर्ड येथून १९८५ मध्ये पुढे आलेला ‘होमा’ निर्देशांक हा तिचा सर्वपरिचित नमुना आहे. त्याला रक्ताचा एकच नमुना पुरतो. म्हणून मोठ्या पाहण्यांत त्याचा उपयोग रास्तच आहे. परंतु उपाशीपोटी रक्तात येणारे ग्लुकोज प्रामुख्याने यकृतातून येते, आणि त्या वेळी इन्शुलिनची पातळी इतकी खाली असते की स्नायूचे ग्रहण तिच्यावर फारसे अवलंबून नसते. हा निर्देशांक सुधारला तर मुख्यतः यकृताची दाद सुधारली असे म्हणावे लागेल. मेटफॉर्मिनने संवेदनक्षमता वाढते असे सांगणाऱ्या कित्येक निबंधांत मापन या निर्देशांकाचे असते, आणि चर्चेच्या विभागात मात्र स्नायूचे नाव येते. मोजलेल्या गोष्टीपासून सांगितलेल्या गोष्टीपर्यंत जाणारा पूल तेथे बांधलेलाच नसतो.

दुसरी पद्धत डीफ्रान्झो, टोबिन व आंद्रेस यांनी १९७९ मध्ये विशद केलेली क्लॅम्प पद्धती होय. तीत शिरेतून ठराविक वेगाने इन्शुलिन दिले जाते आणि रक्तातील साखर एकाच पातळीवर धरून ठेवण्यासाठी लागेल तेवढे ग्लुकोज सोडले जाते. जितके अधिक ग्लुकोज सोडावे लागेल तितकी संवेदनक्षमता अधिक. या स्थितीत सोडलेल्या ग्लुकोजचा फार मोठा भाग स्नायूंत जातो. यकृताचे उत्पादन वेगळे काढावयाचे असेल तर त्याच्या जोडीला अंकित ग्लुकोजचा उपयोग करावा लागतो. तथापि हीही पद्धत सर्व शरीराची बेरीज सांगते. स्नायूचे एकट्याचे मोजमाप हवे असल्यास त्या स्नायूचे प्रत्यक्ष चित्रण करावे लागते किंवा त्याला जाणाऱ्या व त्यातून येणाऱ्या रक्ताची तुलना करावी लागते. प्रचलित विधानाच्या तिसऱ्या पदाची परीक्षा या शेवटच्या दोन पद्धतींनी केलेल्या मानवी प्रयोगांवरच व्हावयास हवी.

४

असे प्रयोग संख्येने थोडे आहेत, पण त्यांचा कल स्पष्ट आहे. श्टुम्फोल व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दहा स्थूल रोग्यांवर केलेल्या अभ्यासात मेटफॉर्मिनचा प्रमुख परिणाम यकृतातील ग्लुकोज-उत्पादन घटण्याचा होता; त्यातही नव्याने ग्लुकोज बनविण्याच्या क्रियेचा संकोच हे मुख्य कारण ठरले. इन्झुकी व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक बोलका आहे, कारण त्यात दोन भिन्न औषधे समोरासमोर ठेवली होती. २९ रोग्यांपैकी काहींना मेटफॉर्मिन व काहींना ट्रोग्लिटाझोन तीन महिने देण्यात आले. उपाशीपोटीची साखर दोन्ही औषधांनी सारखीच, म्हणजे २० टक्क्यांनी, उतरली. परंतु मेटफॉर्मिनच्या गटात शरीरांतर्गत ग्लुकोज-उत्पादन १९ टक्क्यांनी घटले, तर ट्रोग्लिटाझोनच्या गटात ते बदलले नाही. उलट क्लॅम्पमधील ग्लुकोज-ग्रहण ट्रोग्लिटाझोनने ५४ टक्क्यांनी वाढले, मेटफॉर्मिनने केवळ १३ टक्क्यांनी. फळ एक, पण वाटा दोन, हे यावरून उघड होते. केवळ रक्तातील साखर पाहणाऱ्याला या दोन औषधांत काहीच भेद दिसला नसता.

फिनलंडमध्ये हेल्स्टेन व सहकाऱ्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नव्यानेच निदान झालेल्या रोग्यांना २६ आठवडे रोझिग्लिटाझोन, मेटफॉर्मिन किंवा निष्क्रिय गोळी दिली होती, आणि कोणाला काय मिळते हे रोगी व परीक्षक दोघांनाही अज्ञात होते. नंतर क्लॅम्प चालू असताना पॉझिट्रॉन-उत्सर्जन चित्रणाने मांडीच्या स्नायूचे ग्लुकोज-ग्रहण मोजले. त्यासाठी एक पाय विश्रांत ठेवून दुसऱ्या पायाला व्यायाम दिला होता. रोझिग्लिटाझोनने दोन्ही पायांतील ग्रहण वाढले. मेटफॉर्मिनने कोणत्याही पायातील वाढले नाही. नताली व फेरानिनी यांनी २००६ मध्ये तोवरच्या प्रयोगांचा पद्धतशीर आढावा घेतला आणि त्यांचा निर्णयही हाच पडला : मेटफॉर्मिनचा परिणाम यकृतावर, थायाझोलिडिनडायोन वर्गाचा यकृत व परीघ दोहोंवर.

५

प्रतिपक्षाजवळही पुरावा आहे व तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. २००१ मध्ये झाऊ व सहकाऱ्यांनी मेटफॉर्मिन ए.एम.पी.के. हे विकर चेतविते असे दाखविले. हे विकर पेशीतील ऊर्जेचा तुटवडा ओळखते; व्यायामात आकुंचन पावणाऱ्या स्नायूत ते चेतविले जाते आणि इन्शुलिनच्या साहाय्यावाचून ग्लुकोज-वाहकांना पृष्ठभागावर आणण्यास मदत करते. पुढल्याच वर्षी म्युसी व सहकाऱ्यांनी मेटफॉर्मिन घेणाऱ्या रोग्यांच्या मांडीतील स्नायूचा तुकडा काढून त्यात हे विकर अधिक क्रियाशील झाल्याचे नोंदविले. औषध म्हणजे गोळीच्या रूपातील व्यायाम, ही आकर्षक उपमा या शोधांनंतरच लोकप्रिय झाली.

या पुराव्याबाबत तीन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप मात्रेचा आहे. पेशींच्या संवर्धनावर केलेल्या बहुसंख्य प्रयोगांत मेटफॉर्मिनचे प्रमाण लिटरला एक ते दोन मिलिमोल किंवा त्याहून अधिक असते. एक मिलिमोल म्हणजे दर मिलिलिटरला सुमारे १२९ मायक्रोग्रॅम. नेहमीच्या मात्रेत औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तद्रवात हे प्रमाण १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते आणि ५ च्या वर क्वचितच जाते. शंभरपट मात्रेत जे घडते ते नेहमीच्या मात्रेत घडतेच असे मानण्यास आधार नाही. धनभारित असल्यामुळे हे द्रव्य पेशीतील कलकणूंत हळूहळू साचत असावे, असे याचे समर्थन केले जाते. ते विचारार्ह आहे, पण साचण्यासाठी ते आधी पेशीत शिरले पाहिजे. मेटफॉर्मिनला पेशीत नेणारे ‘ऑक्ट-१’ हे वाहक प्रथिन यकृतात विपुल असते. शिवाय तोंडाने घेतलेले औषध आतड्यातून प्रथम यकृताकडेच जात असल्याने यकृताला त्याची मात्रा स्नायूपेक्षा अधिक मिळते.

दुसरा आक्षेप कार्यकारणाचा आहे. रक्तातील वाढलेली साखर स्वतःच स्नायूची संवेदनक्षमता मंदावते. रोझेट्टी व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये स्वादुपिंडाचा बहुतेक भाग काढलेल्या उंदरांना फ्लोरिझिन दिले. हे द्रव्य मूत्रपिंडावाटे साखर बाहेर घालविते. स्नायूतील इन्शुलिनच्या क्रियेशी त्याचा थेट संबंध नाही. तरीही साखर उतरताच त्या उंदरांच्या ऊतकांची इन्शुलिन-संवेदनक्षमता पूर्ववत झाली. माणसांतही असेच दिसते. मेरोव्ची व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात डापाग्लिफ्लोझिन या मूत्रावाटे साखर टाकणाऱ्या औषधाने दोनच आठवड्यांत स्नायूंची संवेदनक्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. दोन निरनिराळ्या अभ्यासांतील आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही हे खरे. परंतु मूत्रपिंडावर कार्य करणाऱ्या औषधाने स्नायूत एवढी सुधारणा होत असेल, तर मेटफॉर्मिनच्या १३ टक्क्यांसाठी स्नायूवरील थेट कार्याची कल्पना करण्याची गरज राहत नाही. साखरेचा भार हलका झाल्याचा व वजन किंचित घटल्याचा तो दुय्यम परिणाम असणे अधिक संभवनीय आहे.

तिसरा आक्षेप स्थानाचा आहे. मेटफॉर्मिन घेणाऱ्या रोग्यांच्या पॉझिट्रॉन-चित्रणात आतड्याची भित्ती ग्लुकोजसदृश द्रव्य इतके शोषून घेते की कर्करोगाच्या तपासणीत चित्र झाकोळले जाते. म्हणून काही ठिकाणी तपासणीपूर्वी दोन दिवस हे औषध बंद ठेवण्याचा प्रघात आहे. संपूर्ण शरीराच्या बेरजेत दिसणाऱ्या वाढीव ग्रहणाचा काही अंश आतड्याचा असू शकेल, ही शक्यता स्नायूचे नाव घेण्यापूर्वी दूर करावयास हवी होती. स्टर्न यांच्या ग्लुकोज-भक्षकाचा शोध घ्यावयाचाच झाला, तर तो मांडीपेक्षा आतड्यात सापडण्याचा संभव अधिक आहे.

एवढ्यावरून यकृताचा पक्ष सर्वस्वी सिद्ध झाला असे मात्र समजू नये. गॉर्मसेन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोग नुकताच जडलेल्या व्यक्तींत आणि निरोगी व्यक्तींत मेटफॉर्मिनने शरीरांतर्गत ग्लुकोज-उत्पादन घटण्याऐवजी वाढलेले आढळले. जुन्या, साखर बरीच चढलेल्या रोग्यांतील निष्कर्ष सर्वांना सरसकट लागू करता येत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा लागतो. येथील चिकित्सेचा रोख यकृताला विजयी ठरविण्याचा नसून, स्नायूच्या नावाने केलेला दावा पुराव्याविना उभा आहे हे दाखविण्याचा आहे.

६

तुलनेसाठी थायाझोलिडिनडायोन वर्गाकडे पाहणे उद्‌बोधक ठरते, कारण स्नायूची संवेदनक्षमता खऱ्या अर्थाने वाढविणारी औषधे म्हणून त्यांचेच नाव घ्यावे लागते. गंमत अशी की त्यांचेही कार्यस्थान स्नायू आहे की नाही याविषयी वाद आहे. ही औषधे ज्या पी.पी.ए.आर.-गॅमा या ग्राहीला चिकटतात, तो मेदऊतकात विपुल व स्नायूत अत्यल्प असतो. मेदपेशी मेदाम्ले स्वतःजवळ रोखून धरतात, त्यामुळे स्नायूवरील मेदाचा भार कमी होतो आणि तो पुन्हा इन्शुलिनला दाद देऊ लागतो, असे या कार्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. परंतु उंदरांवरील प्रयोगांनी एकमुखी साक्ष दिलेली नाही. २००३ मध्ये दोन प्रयोगशाळांनी केवळ स्नायूतून हा ग्राही नाहीसा केलेले उंदीर तयार केले. हेवनर व सहकाऱ्यांच्या उंदरांत स्नायूने औषधाला जवळजवळ दाद दिली नाही. नॉरिस व सहकाऱ्यांच्या उंदरांनी औषधाला पूर्ववत दाद दिली. मेदऊतकच नसलेल्या उंदरांवरील प्रयोगांतही असाच विसंवाद आहे. प्राण्यांवरील एकेका प्रयोगावर मानवी औषधाचे तत्त्व उभारणे किती धोक्याचे असते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचित् मिळेल.

याहून महत्त्वाचा मुद्दा मूल्याचा आहे. स्नायूची संवेदनक्षमता वाढविणे हेच औषधाच्या श्रेष्ठतेचे गमक असते, तर हा वर्ग मेटफॉर्मिनच्या पुढे असावयास हवा होता. प्रत्यक्षात ट्रोग्लिटाझोन यकृताच्या गंभीर विकारांमुळे २००० मध्ये अमेरिकेत मागे घेण्यात आले. हृदयविकाराच्या शंकेवरून रोझिग्लिटाझोनचा वापर २०१० मध्ये युरोपात व भारतात थांबला. ती शंका पुढे बरीच सौम्य झाली, आणि अमेरिकेने २०१३ मध्ये आपले निर्बंध सैल केले, तरी औषधाचे स्थान गेले ते गेलेच. पायोग्लिटाझोन वापरात राहिले, पण वजनवाढ, शरीरात पाणी साठणे व अस्थिभंग यांचे भय सोबत घेऊन. याउलट ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासाच्या १९९८ मधील निष्कर्षांत अतिरिक्त वजनाच्या ज्या ३४२ रोग्यांना मेटफॉर्मिन दिले होते, त्यांच्यातील एकूण मृत्यू केवळ आहारनियमनावर ठेवलेल्या गटापेक्षा ३६ टक्क्यांनी कमी भरले. मेटफॉर्मिनची योग्यता स्नायूवर अवलंबून नाही. त्या औषधाला नसलेला गुण चिकटवून त्याचा गौरव वाढत नाही. असलेला गुण मात्र झाकला जातो.

७

शेवटी, या विधानाने व्यवहारात काय घडते याचा विचार केला पाहिजे. गोळी म्हणजे व्यायाम ही उपमा खरी असती, तर गोळी व व्यायाम यांची बेरीज झाली असती. निदान वजाबाकी झाली नसती. प्रयोग काही वेगळेच सांगतात. मालिन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना १२ आठवडे व्यायाम व मेटफॉर्मिन, एकेकटे व एकत्र, देऊन पाहिले. एकत्र दिल्याने संवेदनक्षमतेत अधिक लाभ दिसला नाही. कोनोप्का व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासात वयस्कर व्यक्तींत व्यायामाने स्नायूच्या कलकणूंची श्वसनशक्ती वाढली, पण व्यायामाबरोबर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती वाढ दिसली नाही. त्याच वर्षी वॉल्टन व सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील व्यक्तींना १४ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी भरले. या व्यक्ती मधुमेही नव्हत्या. म्हणून रोग्याने औषध सोडावे असा अर्थ यातून काढणे घातक होईल. मात्र गोळी व्यायामाची जागा घेते या समजाला येथे उत्तर मिळते. व्यायामाने होणारे काम ती करीत नाहीच, प्रसंगी त्याला किंचित अडथळाही आणते.

मधुमेह टाळण्याच्या अमेरिकेतील मोठ्या प्रयोगात, २००२ च्या अहवालाप्रमाणे, आहार व व्यायाम यांनी रोगाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटविले, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी भारतात ५३१ व्यक्तींवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे आकडे निराळे पडले : जीवनक्रमातील बदलाने २८.५ टक्के, मेटफॉर्मिनने २६.४ टक्के, आणि दोन्ही एकत्र करूनही २८.२ टक्केच. दोन देशांतील लोकांची शरीरे व दिलेल्या मात्रा एकसारख्या नसल्याने ही तुलना जपून करावी लागते. तथापि दोहोंची बेरीज होत नाही, ही गोष्ट येथेही नजरेत भरते.

भारतीय शरीराच्या संदर्भात स्नायूच्या प्रश्नाला एक विशेष धार आहे, आणि तिचे उत्तम निदर्शन पुण्यात झालेले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांतील नवजात अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांशी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात येथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो व तेथील ३.५ किलो होते. पण ही तूट सर्व ऊतकांत सारखी नव्हती. स्नायू व पोटातील इंद्रिये पुष्कळ लहान होती, तर त्वचेखालील मेद त्या मानाने राखला गेला होता. पुढील वर्षी याज्ञिकांनी लंडनचे सहसंशोधक युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना करून हेच प्रौढांच्या बाबतीत दाखविले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा अगदी सारखा. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या या शरीरात ग्लुकोज घेणारा स्नायूच मुळात कमी असतो.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे प्रचलित विधानाची चूक शब्दापुरती राहत नाही. ज्या समाजात स्नायूची तूट जन्मापासून आहे, तेथे स्नायू वाढविणे व वापरणे हाच इन्शुलिन-रोधावरील उपायाचा अर्धा भाग होय, आणि तो भाग कोणत्याही गोळीने आजवर उचललेला नाही. मेटफॉर्मिनने यकृत व आतडे यांच्या वाटेने जे साधावयाचे ते साधावे. त्यासाठी ते दीर्घकाळ रोग्यांच्या उपयोगी पडले आहे व पडेल. परंतु माहितीपत्रकातील आणि पाठ्यपुस्तकांतील तिसरे पद आता बदलावयास हवे. ‘स्नायूतील ग्लुकोज-ग्रहण वाढविते’ याऐवजी ‘साखर उतरल्यामुळे स्नायूची दाद काही अंशी सुधारू शकते’ एवढे म्हणणे पुराव्याला धरून होईल. वाक्य थोडे लांबेल आणि त्यातील प्रौढी कमी होईल. परंतु ते वाचणाऱ्या वैद्याला आपल्या रोग्याला चालावयास सांगण्याची आठवण राहील.